स्वच्छ पाकळी

सेक्टर ७, फरीदाबाद
१४ एप्रिल १९९७

ती. श्यामदादास,
गुणवंतचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाडव्याच्या आधी लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. वहिनीच्या गुडघ्यासाठी कुमुद इथल्या वैद्याचं तेल पाठवणार आहे. ते लावायचं आहे, प्यायचं नाही, असं तिने मला मुद्दाम लिहायला सांगितलं. मागच्या वेळची काढ्याची बाटली ती विसरलेली नाही.

आज एका कामासाठी लिहितो आहे. काम माझंच आहे, पण ते देवाकडे न्यायचं आहे.

कारखान्यातली माझी गेजरूम तुला मागे सांगितली होती. लोखंडी दांडीसारखं एक माप असतं. त्याची एक बाजू पुर्ज्याच्या भोकात जायला हवी, दुसरी जाता कामा नये. दोन्ही गेल्या तर भोक मोठं, माल नापास. चोवीस वर्षं मी एवढंच पाहत आलो. आता वाटतं, निवृत्तीला दहा वर्षं उरली आहेत, एकदा जागा बदलून बघावी.

जानेवारीत पेपरात जाहिरात आली. नोएडाच्या पुढे एक परदेशी कंपनी नवा कारखाना उभारते आहे. मी अर्ज टाकला. फेब्रुवारीत नेहरू प्लेसला लेखी परीक्षा झाली, पंचविशीतल्या पोरांच्या रांगेत बसून. त्यांनी एक झाड काढायला सांगितलं. त्यावरून म्हणे माणूस कळतो. मी आपल्या परसातला फणस काढला. साहेबाने विचारलं, "पेड़ पर ये गाँठें क्या हैं? कोई बीमारी है?" मी म्हटलं, "जी नहीं, कटहल है. तने पर ही लगता है." तो म्हणाला, "अच्छा! हम तो बस सब्ज़ी में देखते हैं." मग तीन मुलाखती झाल्या. मार्चअखेर त्यांच्या मिस अरोरा म्हणाल्या, "आप सिलेक्टेड हैं अंकल. आठ-दस दिन में लेटर आ जाएगा. पहली जुलाई से जॉइनिंग."

आठाचे पंधरा दिवस झाले, पत्र नाही. इथे राजीनामा दिल्यावर दोन महिने काढावे लागतात. पत्राची वाट पाहत बसलो तर जुलै हुकतो, आणि पत्राआधी राजीनामा दिला तर दोन्ही डगरींवरून पाय निसटायची भीती. आमची अहिल्या यंदा बारावीत जाते आहे.

तू मानकरी आहेस. आपल्या रवळनाथाच्या पाषाणाला पाकळ्या लावून माझ्या नावाने कौल लाव. उजवीकडची सुटली तर हो, डावीकडची सुटली तर नाही. देवाला एका वेळी एकच विचारावं, असं आबा सांगायचे. म्हणून एकच विचार: गुणवंतने पाऊल उचलावं का?

तुझा,
गुणवंत

---

आंबेटेंब, ता. कुडाळ
२८ एप्रिल १९९७

चि. गुणा यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तेलही आलं. गुडघ्यालाच लावलं.

कौल उजवा. बिनदिक्कत पुढे हो. पाकळी कागदात गुंडाळून पाठवतो आहे, अनंताच्या फुलाची आहे. देव्हाऱ्यात ठेव.

बाकी गावात सगळं नेहमीचंच. काजू यंदा बरा आहे, आंबा रुसलेला. फणसाचं वाचून तुझी वहिनी दिवसभर हसत होती. म्हणाली, त्या साहेबाला एक पाठवून द्या, म्हणजे बीमारी कापून बघेल.

तुझा दादा,
श्याम

---

फरीदाबाद
१३ मे १९९७

ती. दादास सा. नमस्कार.

पाकळी मिळाली. पाहिली, डोळ्यांना लावली, देव्हाऱ्यात ठेवली.

राजीनामा दिला आहे. आमचे खुराना साहेब, ज्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काढली, त्यांनी कागद चष्मा लावून वाचला. मग म्हणाले, "परब, इस उमर में लोग नौकरी बचाते हैं, तू छोड़ रहा है?" मी म्हटलं, "साहब, हो गया अब." त्यांनी चहा मागवला. चहात साखर घालायला विसरले, पण प्यायले.

त्या कंपनीला फोन केला. मिस अरोरा म्हणाल्या, "अंकल, बिल्कुल टेंशन मत लीजिए, प्रोसेस में है." कुमुदने विचारलं, प्रोसेस म्हणजे काय? मी म्हटलं, दळण गिरणीत टाकलंय आणि वीज गेली आहे. ती म्हणाली, "मग निदान डबा तरी परत मागा."

मधे एकदा वैद्यकीय तपासणीला बोलावलं होतं. दात मोजले, डोळे तपासले. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, चष्म्याविना इतकं बारीक दिसणारा माणूस बऱ्याच दिवसांनी पाहिला. तेवढंच बरं वाटलं.

गुणवंत

---

आंबेटेंब
१ जून १९९७

चि. गुणा यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रात्रभर विचार करतो आहे. त्यांचं पत्र हातात नसताना तू राजीनामा देऊन बसशील असं वाटलं नव्हतं. अजून मुदत आहे ना? खुराना साहेब भला माणूस दिसतो. त्याच्या पाया पड, पण तो कागद मागे घे.

तू म्हणशील, दादाच म्हणाला बिनदिक्कत पुढे हो. म्हणालो. पण देव झाला तरी मार्ग दाखवतो, विहिरीत उडी मार म्हणून सांगत नाही. माणसाने आपलंही डोकं चालवायचं असतं. उलट टपाली कळव.

श्याम

---

फरीदाबाद
२ जुलै १९९७

ती. दादास सा. नमस्कार.

तुझं पत्र वेळेवर मिळालं, पण मागे घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. चौदा जूनला शेवटचा दिवस झाला. गेजरूमच्या पोरांनी हार घातला आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी बसणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात कोण जाणे.

काल पहिली जुलै. कालच त्या कंपनीत रुजू व्हायचं होतं. म्हणून तिथेच जाऊन आलो. वाट पाहायची खोली थंडगार आहे. प्लास्टिकचं एक झाड आहे आणि त्यालाही कुणीतरी पाणी घातलेलं होतं. दोन तासांनी मिस अरोरा आल्या. आमच्या अहिल्येहून सहा-सात वर्षांनी मोठी असेल पोर. म्हणाली, "अंकल, आपकी फ़ाइल रेफ़रेंस चेक पर रुकी है. आपकी पुरानी कंपनी से जवाब नहीं आया. और अब पोज़ीशन भी होल्ड पर है, हेडऑफ़िस की अप्रूवल आनी है." मी विचारलं, किती दिवस? ती खाली पाहून म्हणाली, "अंकल, झूठ नहीं बोलूँगी. मुझे नहीं पता."

दादा, सहा महिन्यांत मला त्या कंपनीतून मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर. बसने परत येताना मन शांत होतं.

अजून सकाळी सातच्या भोंग्याला उठतो. मग आंघोळ, पूजा. आधी पूजा दहा मिनिटांत उरकायची, आता पाऊण तास होते. देवालाही वाटत असेल, याला काही कामधंदा नाही का.

कुमुदने शिवणाचं मशीन माळ्यावरून काढलं आहे. तेल घालून ठेवलं आहे.

गुणवंत

---

आंबेटेंब
२० जुलै १९९७

चि. गुणा,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन चुलीत गेली.

मी कौल लावलाच नव्हता.

आपल्या देवळात दोन वर्षं कौल बंद आहे. जत्रेत देवाची तलवार आधी कुणी धरायची यावरून वरच्या वाडीचा सूर्यकांत आणि आपली वाडी यांच्यात वाद झाला. आपल्या वाडीच्या वतीने पुढे होतो तो मीच. दोन्हीकडचे मानकरी एकत्र उभे राहिल्याशिवाय गुरव पाकळी लावत नाही. सूर्यकांत येत नाही, मी बोलावत नाही. देव मधे गप्प बसून आहे.

हे तुला कळवायची मला लाज वाटली. आबांनी चाळीस वर्षं सांभाळलेला मान मी दोन वर्षांत कुलपात घातला, हे कोणत्या तोंडाने लिहू? तुझं पत्र वाचलं तेव्हा कळत होतं की तुला जायचं आहे. तुझ्या मनात उजवा आहे तर देवाच्या मनातही तोच असेल, असं मी मला समजावलं. पाकळी आपल्या परसातल्या अनंताची आहे.

तू माझ्या खोट्या शब्दावर चोवीस वर्षांची नोकरी सोडलीस. आता कुमुद मशीन चालवते आहे. मला तिचं तोंड पाहवणार नाही. तू काय म्हणशील ते मान्य आहे. पत्रच नाही पाठवलंस तरी समजेन.

श्याम

---

फरीदाबाद
३ ऑगस्ट १९९७

ती. श्यामदादास,
नेहमीपेक्षा एक नमस्कार जास्त.

आधी मन घट्ट करून बस आणि माझं ऐक. तुझ्या शब्दावर मी नोकरी सोडली नाही.

चौदा एप्रिलला सकाळी ट्रॅक्टरच्या ब्रेकचे चारशे पुर्जे माझ्याकडे तपासायला आले. मापाची न जाणारी बाजू त्यांत सरळ आत जात होती. मी लाल खूण केली. दुपारी वरून निरोप आला की माल आजच निघायचा आहे, सही करा. खुराना साहेब स्वतः खाली आले. म्हणाले, "परब, बाल बराबर का फ़र्क है. कर दे यार." मी म्हटलं, "साहब, उसी बाल के लिए तो मुझे रखा है." त्यांना ते पटत होतं, पण त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी होतं. तीन वर्षं हे थोडंथोडं चाललं होतं, आणि दरवेळी मी कुठे ना कुठे डोळे मिटत होतो. त्या दिवशी हात उठला नाही. चार वाजता राजीनामा लिहून दिला.

आणि संध्याकाळी घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं. चौदा तारखेलाच. बघ, असेल तुझ्याकडे. चौदा जूनला माझे दोन महिने संपले, तेव्हाच तुझ्या लक्षात येईल असं मला वाटलं होतं.

म्हणजे पाऊल उचलून झालं होतं आणि मग मी देवाला विचारत होतो, उचलू का. सही नाकारताना मनात शंका नव्हती, घरी आल्यावर आली. कुमुदला काही सांगितलं नव्हतं. कुणीतरी "बरोबर केलंस" म्हणावं, एवढंच हवं होतं. तुलाही खरं कारण लिहिलं नाही, निवृत्तीच्या गोष्टी लिहिल्या. खोटेपणाचा हिशेब मांडायचा तर पहिलं पान माझं आहे.

दुसरी गोष्ट. तुझी पाकळी कौलाची नाही, हे मला पुडी उघडताच कळलं होतं. लहानपणी आबांच्या मागे उभं राहून किती पाकळ्या उचलल्या आपण! देवाच्या पाषाणात पिढ्यांचं तेल मुरलेलं आहे. तिथून सुटलेल्या पाकळीच्या पाठीवर काळा डाग असतोच असतो. तुझी दोन्हीकडून स्वच्छ होती. दादा, तू चोवीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला नापास माल पाठवलास!

पण मी ती परत पाठवली नाही. देव्हाऱ्यातच ठेवली. माझ्या भावाने माझ्या बाजूने टाकलेली होती ती.

कुमुदला आता सगळं सांगितलं आहे. ती दोन दिवस मशीनवरून उठली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चारशे ब्रेक. त्यातल्या एखाद्या ट्रॅक्टरवर कुणाचा तरी नवरा बसणार होता." मग म्हणाली, "पण मला त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मशीन एप्रिलमधेच काढलं असतं ना!"

काम अगदीच नाही असं नाही. मुजेसरला लहान वर्कशॉपांची रांग आहे. तिथल्या एका सरदारजींचा माल सारखा नापास होऊन परत यायचा. कुणीतरी माझं नाव सांगितलं. गेलो, तर दोष मालात नव्हता, त्यांचं मापच झिजलेलं होतं. झिजलेल्या मापाने तो माणूस वर्षभर कारागिरांना शिव्या देत होता. आता आठवड्यातून दोन दिवस त्यांच्याकडे जातो, एक दिवस शेजारच्यांकडे.

तू म्हणालास, मी म्हणेन ते मान्य. मग एवढंच कर. सूर्यकांतच्या घरी जा. चहा पी. तलवार त्याला आधी धरू दे.

तुझा,
गुणा

---

आंबेटेंब
१७ नोव्हेंबर १९९७

चि. गुणा यास आशीर्वाद.

तू सांगितलेलं काम लिहायला एका ओळीचं होतं, करायला तीन महिने लागले. तुझ्या त्या कंपनीला आता मी नावं ठेवणार नाही.

वरच्या वाडीच्या पाणंदीपर्यंत चार वेळा गेलो आणि परतलो. पाचव्या वेळी सूर्यकांतच समोर आला. म्हणाला, "श्याम, चार खेपा पाहिल्या तुझ्या. आता वर ये, नाहीतर उगाच पाणंद झिजेल." त्याच्या बायकोने चहा केला. तलवारीचं मी काढलं तर तो म्हणाला, माझा खांदा दुखतो, यंदा तूच धर. आता त्यावरून आमचा नवा वाद आहे. दोघंही म्हणतो, तू आधी.

जत्रेला कौल सुरू होतो आहे. तुझ्या नोकरीचं आता खरोखर विचारू का?

श्याम

---

फरीदाबाद
२५ जानेवारी १९९८

ती. दादास सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता ठरलं आहे.

नऊ तारखेला त्या कंपनीचं पत्र आलं. जाड पाकीट, आत गुळगुळीत कागद. पहिल्या मुलाखतीपासून अकरा महिने झाले. खाली लिहिलं होतं: सात दिवसांत होकार कळवावा, अन्यथा ही संधी रद्द समजावी. कुमुद वाचून म्हणाली, "अकरा महिने झोपले आणि उठल्याबरोबर म्हणतात, चला चला, गाडी सुटली!"

मी जाऊन भेटलो. मिस अरोरांनी माझी फाइल उघडून एक कागद माझ्याकडे फिरवला. म्हणाल्या, "ये आपको दिखाना नहीं चाहिए, लेकिन देख लीजिए." खुराना साहेबांचा होता. डिसेंबरात ते निवृत्त झाले, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याबद्दलचं ते अडकलेलं उत्तर पाठवलं. इंग्रजीत एकच वाक्य. अर्थ असा की, हा माणूस चुकीच्या मालावर सही करणार नाही, ते चालणार असेल तर ठेवा. मी तो कागद दोनदा वाचला. वर पाहिलं तर त्या पोरीने तोंड दुसरीकडे केलं होतं. मला डोळे पुसता यावेत म्हणून केलं असावं.

मी म्हटलं, काम करायचं आहे. पण सरदारजींना आणि बाकीच्यांना शब्द दिलेला आहे, त्यांच्या दोन पोरांना माप धरायला शिकवतो आहे. ते पुरं व्हायला दोन महिने हवेत. सोळा मार्चला येईन. ती म्हणाली, "अंकल, इसके लिए तो अप्रूवल लेनी पड़ेगी."

मी म्हटलं, "लीजिए बेटा. मैं कहीं नहीं जा रहा. प्रोसेस तो चलेगी."

ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. चार दिवसांनी फोन आला, मंजूर आहे. मी म्हटलं, कागदावर पाठवा. काल कागद आला. मग होकारावर सही केली.

तेव्हा नोकरीचं देवाला काही विचारू नकोस. आता विचारणं म्हणजे एप्रिलसारखंच होईल. फक्त नारळ ठेव आणि तुम्ही दोघं जोडीने उभे राहा.

गुणा

---

आंबेटेंब
१२ फेब्रुवारी १९९८

चि. गुणा यास अनेक आशीर्वाद.

नारळ ठेवला. सूर्यकांत आणि मी जोडीने उभे राहिलो. तुझं नाव घेतलं, प्रश्न घातला नाही. गुरव म्हणाला, प्रश्न नाही तर पाकळी कशाला लावू? सूर्यकांत म्हणाला, "लाव रे. देवाला कधीतरी काही न विचारता बघू दे."

ती पाकळी सोबत पाठवतो आहे. उजवीकडून सुटली की डावीकडून, ते तुला सांगणार नाही.

पाठ तपासून घे.

तुझा दादा,
श्याम